अठ्ठेचाळीस मैल

अब्बांचा फोन सहेरीच्या वेळी यायचा. त्यांच्या सहेरीच्या. परभणीत पहाटेचे सव्वाचार वाजलेले असत आणि आमच्याकडे, जर्मनीतल्या हायडेलबर्गमध्ये, मध्यरात्र उलटून पाऊण तास झालेला असे. आम्ही नुकतेच इफ्तार, नमाज, जेवण उरकून आडवे होत असू आणि दोन तासांनी पुन्हा उठायचे असे. इकडची-तिकडची चौकशी झाली की रविवारच्या फोनवर त्यांचा एक प्रश्न ठरलेला: "आज कित्ते मैल हुए?"

अब्बा उर्दू शाळेचे निवृत्त मुख्याध्यापक. उभ्या आयुष्यात हैदराबादच्या पलीकडे गेले नाहीत. पण नकाशा वाचण्याचा मोठा शौक. त्यांचा प्रश्न मात्र भूगोलाचा नव्हता, हिशेबाचा होता. कुरआनने आजारी माणसाला आणि मुसाफिराला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. राहिलेले रोजे मोजून नंतर पूर्ण करायचे, त्याला 'कजा' म्हणतात. आता मुसाफिर कोणाला म्हणायचे? तीन दिवसांच्या पायी वाटचालीएवढे अंतर, असा जुना हिशेब. आपल्याकडच्या हनफी उलेमांनी तो ४८ मैलांवर, म्हणजे साधारण ७७-७८ किलोमीटरवर बसवला. गावाची हद्द ओलांडून तेवढ्या लांब निघालेला, आणि तिथे पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणारा माणूस मुसाफिर. बाकीचे सगळे मुकीम, म्हणजे ठाण मांडून राहणारे.

मी तेव्हा एका वर्षाच्या शिष्यवृत्तीवर पत्नी आणि नऊ वर्षांच्या मुलीसह हायडेलबर्गला होतो. त्यामुळे हायडेलबर्गात आम्ही मुकीम. पण शनिवार-रविवारचे काय, हा अब्बांचा सवाल होता.

रविवारी दुकाने बंद

जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात. कायद्यानेच. सुरुवातीला याची सवय नव्हती. पहिल्याच रविवारी घरात दूध संपले आणि सगळे गाव पालथे घातले तरी मिळाले नाही. मग लक्षात आले, की इथला माणूस रविवारी बाजारात दिसत नाही, तो जंगलात, नदीकाठी नाहीतर रेल्वेत दिसतो. त्या काळी रेल्वेचे एक तिकीट होते, 'सुंदर सप्ताहअखेर' अशा अर्थाच्या नावाचे. शनिवार किंवा रविवार, एकच दिवस, एका तिकिटावर पाच जणांपर्यंत सगळ्यांनी देशभर साध्या गाड्यांनी हिंडायचे. एक्स्प्रेसला चालत नाही. पण पॅसेंजरने जेवढे जाता येईल तेवढे जा. मनमाड-सिकंदराबाद लाइनवर वाढलेल्या माणसाला पॅसेंजरचे काय वावडे!

शिवाय आमच्या नशिबाने सांगलीचे एक जोडपे भेटले. तो जवळच्या वॉल्डॉर्फमध्ये सॉफ्टवेअरच्या नोकरीत, त्यांच्याकडे मोटार. पहिल्या भेटीतच वहिनींनी माझे मराठी ऐकून विचारले, "परभणी का? आमच्या आत्याबाई जिंतूरला दिल्यात." झाले. पुढचे सगळे वर्ष आम्ही एकमेकांचे नातेवाईक होतो. युरोपात वर्ष काढणाऱ्या भारतीयांचा शनिवार-रविवार बहुतेक असाच जातो. आठवडाभर भांडी घासत नकाशा बघायचा, शुक्रवारी रात्री पराठे-ठेपले बांधायचे आणि शनिवारी निघायचे. हमरस्त्यावरच्या थांब्यावर स्वच्छतागृहात जायला सत्तर सेंट मोजावे लागत. वजू करायलाही तेवढेच. मुलगी म्हणायची, "पप्पा, जोहर-असर एकाच वजूत करा, दीड युरो वाचेल."

२०१८ चा रमजान मेच्या मध्यावर सुरू झाला. परभणीत ४४ अंशांच्या उन्हात पंधरा तासांच्या आतला रोजा. आमच्याकडे हवा गार, पण पहाटे तीनच्या आत सहेरी आणि रात्री साडेनऊच्या सुमारास इफ्तार. साडेअठरा तास. उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस लांबतो हे मी भूगोलात पाठ केले होते, कळले ते तेव्हा.

इफ्तारची वाट बघत संध्याकाळी आम्ही नेकार नदीच्या काठावर बसायचो. उर्दू शिकवणाऱ्याला ही नदी अनोळखी नाही. १९०७ साली इकबाल जर्मन शिकायला याच गावात राहिले आणि या नदीकाठच्या शांत संध्याकाळवर त्यांनी एक छोटी कविता लिहिली. ती मी वर्गात अनेकदा शिकवली आहे. नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचे नावही आहे. त्या रस्त्याच्या पाटीखाली बसून घड्याळाकडे बघत बसलेला परभणीचा प्राध्यापक, हे दृश्य त्यांना आवडले असते की नाही, कोण जाणे.

नमाजासाठी नसलेली मशीद

पहिल्या रविवारी आम्ही जवळच, दहा किलोमीटरवर श्वेत्झिंगेनला गेलो. तिथल्या राजवाड्याच्या बागेत एक मशीद आहे. लालसर भिंती, घुमट, दोन मिनार, भोवती कमानींची ओवरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस कार्ल थिओडोर नावाच्या राजाने निकोला द पिगाज या वास्तुकाराकडून ती बांधून घेतली. भिंतींवर अरबीत सुविचार कोरलेत, खाली जर्मन भाषांतर. अरबीत चुका आहेत. कारागिराला बिचाऱ्याला लिपी कुठे येत होती? आणि गंमत म्हणजे ही मशीद नमाजासाठी बांधलेलीच नव्हती. त्या काळी युरोपच्या राजांना पूर्वेकडच्या गोष्टींची हौस होती. बागेत एक ग्रीक देऊळ हवे, एक पडके रोमन बांधकाम हवे, तशी एक मशीद हवी. ज्यांची मशीद, ती माणसे त्या गावात नव्हतीच. पुढे १८७०-७१ च्या युद्धात फ्रेंच फौजेतले उत्तर आफ्रिकेचे मुसलमान सैनिक कैदी होऊन इथे आले, तेव्हा त्यांनी तिथे नमाज पढल्याचे सांगतात.

मुलीने आत फिरून विचारले, "वजूची जागा कुठंय?"

"नाहीए."

"मग ही मशीद कशी?"

मी म्हटले, लांबून बघून बांधलेली आहे म्हणून. त्या उत्तरावर मीच नंतर पुष्कळ दिवस विचार करत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सोमवारी ख्रिस्ती सणाची सुट्टी होती, म्हणून श्पायरला गेलो. ऱ्हाईनकाठचे हे गाव. तिथले कॅथेड्रल अकराव्या शतकातले, तांबूस दगडाचे, आत सम्राटांच्या कबरी. सणामुळे गर्दी होती, घंटा वाजत होत्या. आम्ही मागच्या बाकावर गुपचूप बसलो. कोणी काही विचारले नाही.

पण श्पायरचे मला जे आठवते ते कॅथेड्रल नव्हे, एक विहीर. मध्ययुगात या गावात ज्यूंची मोठी वस्ती होती. १०८४ साली तिथल्या बिशपनेच त्यांना सनद देऊन बोलावून वसवले होते. त्यांच्या जुन्या अंगणात जमिनीखाली साधारण दहा मीटरवर स्नानाचे कुंड आहे. त्याला 'मिक्वे' म्हणतात. दगडी पायऱ्या उतरत जायचे, वाटेत कपडे बदलायची जागा, आणि तळाशी भूगर्भातले जिवंत पाणी. ते पाणी वाहते किंवा जमिनीतले असावे लागते. भरून आणलेले चालत नाही. पायऱ्या उतरता उतरता पत्नी म्हणाली, "ही तर आपली बारव आहे." खरेच, तीच थंडी, तोच ओल्या दगडाचा वास. आणि शुद्ध होण्यासाठी सगळे अंग पाण्याखाली गेले पाहिजे, हा नियम तर आमच्या गुस्लच्या नियमाच्या किती जवळचा!

ज्यांना बोलावून वसवले, त्यांच्या पुढच्या पिढ्यांना त्या गावाने पुन्हा पुन्हा मारले, हाकलले. उरलेसुरले विसाव्या शतकात नाझींनी संपवले. कुंडात पाणी अजून आहे. ज्यांच्यासाठी ते खोदले, त्यांच्यापैकी तिथे उतरायला कोणी उरले नव्हते. आम्ही तिकीट काढून बघणारे.

त्या रात्री अब्बांना दोन्ही गावांची अंतरे सांगितली. दहा किलोमीटर, पंचवीस किलोमीटर. "फिर तो रोजा पक्का," ते म्हणाले. पक्काच होता.

करोडगिरी नाका

पुढचे तीन शनिवार-रविवार मात्र लांबचे होते. पहिले कोलोन. तिथले कॅथेड्रल १२४८ मध्ये बांधायला घेतले आणि १८८० मध्ये पुरे झाले. आपल्या गावातल्या उड्डाणपुलांबद्दल त्या दिवशी मी मनोमन सगळ्यांची माफी मागितली. दुसऱ्या आठवड्यात ट्रिअर आणि शेंगेन. तिसऱ्यात स्ट्रासबर्ग. तिन्ही वेळा शनिवारी रोजा ठेवून निघायचो, रात्री मुक्काम, रविवारी संध्याकाळी परत. शनिवारचा रोजा घरी सुरू झालेला, त्यामुळे तो ठेवायचाच. पण रविवारची पहाट परगावी उगवायची. ४८ मैल केव्हाच मागे पडलेले. नियमाने मी मुसाफिर. मी रविवारी रोजा ठेवला नाही. तिन्ही रविवारी. पत्नीने मात्र तिन्ही वेळा ठेवला, आणि त्याबद्दल एक शब्दही बोलली नाही. न बोलणे किती मोठ्याने ऐकू येते, हे लग्न झालेल्या वाचकांना सांगायला नको.

शेंगेनबद्दल सांगितले पाहिजे. 'शेंगेन व्हिसा' हा शब्द आता आपल्याकडेही माहीत आहे, पण शेंगेन हे एक खेडे आहे हे मलाही माहीत नव्हते. लक्झेंबर्गमध्ये, मोझेल नदीच्या काठावर, आजूबाजूला द्राक्षांचे मळे. नदीपलीकडे जर्मनी, थोडे खाली फ्रान्स. १४ जून १९८५ रोजी इथे नदीतल्या एका बोटीवर पाच देशांनी करार केला, की आपसातल्या सीमांवरची तपासणी बंद करू. प्रत्यक्षात ती १९९५ पासून बंद झाली. आम्ही मोटारीतून एका तासात तीन देश फिरलो आणि सीमा कुठे लागली ते फक्त मोबाइलवर आलेल्या कंपनीच्या 'स्वागत आहे' या संदेशावरून कळले.

रात्री अब्बांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तेरे दादा करोडगिरी में थे, मालूम है ना?"

मालूम होते, पण विसरलो होतो. परभणी निजामाच्या राज्यात होती तेव्हा पैनगंगेपलीकडे वऱ्हाड, म्हणजे इंग्रजांचा अंमल. मध्ये सीमा. सीमेवर करोडगिरी नाका, म्हणजे जकातीचा. आजोबा तिथे कारकून. अलीकडे हाली सिक्का, पलीकडे कलदार रुपया. वाशीमला लेक दिलेल्या हिंगोलीच्या बापाला तिच्यासाठी लुगडे न्यायचे तरी गाठोडे सोडून दाखवावे लागे. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आले. १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, १९६० ला महाराष्ट्रात. नाका उठला. त्या सीमेच्या दोन्ही बाजूंना सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस साली जे घडले, ते आमच्या घरात आणि शेजारच्या घरातही अजून हळू आवाजातच सांगतात. पण सीमा गेली, हे खरे. आज परभणीहून वाशीमला जाताना पैनगंगा कधी ओलांडली हे एसटीतल्या माणसाला कळतही नाही. आम्ही तीन देशांची सीमा बघायला दोनशे किलोमीटर गेलो होतो, आणि आजोबांनी जिच्यावर नोकरी केली ती सीमा कुठे होती, हे मला माहीत नव्हते.

पुलावरचा खजूर

रविवार, १० जून २०१८. स्ट्रासबर्ग. हे शहर फ्रान्समध्ये आहे, पण पाऊणशे वर्षांत त्याने चार वेळा देश बदलला. १८७१ ला जर्मनीत, पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये, १९४० ला पुन्हा जर्मनीत, १९४४ ला पुन्हा फ्रान्समध्ये. घर तेच, गल्ली तीच, शाळेची भाषा बदललेली. आता ऱ्हाईन नदीवर पादचाऱ्यांचा पूल आहे आणि जर्मनीतल्या केल गावातून सरळ ट्रामने फ्रान्समध्ये जाता येते. आम्ही केलमध्ये मुक्काम केला होता, स्वस्त पडतो म्हणून.

तो दिवस एकादशीचा. शिवाय अधिक महिन्यातली. २०१८ ला ज्येष्ठ अधिक होता आणि तो जवळजवळ रमजानच्याच जोडीने आला होता. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा अकरा-एक दिवसांनी लहान. पंचांगवाले साधारण बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक महिना वाढवून हिशेब जुळवतात, म्हणून दिवाळी थंडीतच येते. हिजरी कालगणनेत महिना वाढवत नाहीत, म्हणून रमजान तेहतीस वर्षांत सगळ्या ऋतूंतून फिरून येतो. यंदाही ज्येष्ठच अधिक आहे. पण आठ वर्षांत रमजान सरकत सरकत त्याच्या तीन महिने आधी येऊन पोचला आहे. वहिनींचे यजमान स्टिअरिंग धरून कुरकुरत होते, "धोंड्याचा महिना, आणि जावई जर्मनीत. सासूबाईंचे अनारसे सांगलीत वाया चाललेत."

मोटारीत मुलांचा वाद रंगला होता. कोणाचा उपवास कडक? त्यांचा मुलगा म्हणे, "आमचा दोन दिवसांचा, उद्या सकाळी सुटतो." माझी मुलगी म्हणे, "पण तुम्ही साबुदाणा खाता! आमच्यात पाणीसुद्धा नाही." वहिनी म्हणाल्या, "अगं, साबुदाण्याची खिचडी खाऊन उपवास करायला किती सोसावं लागतं, तुला काय माहीत!" सगळे हसले. मी त्या वेळी कागदात बांधलेले चीजचे सँडविच खात होतो.

दिवसभर कॅथेड्रल बघितले, १४२ मीटर उंचीचा एकच मनोरा. दोनशेहून जास्त वर्षे ती जगातली सर्वांत उंच इमारत होती. कालव्याकाठच्या जुन्या लाकडी चौकटींच्या घरांमधून हिंडलो. रात्री साडेनऊला पुलावर आलो. अर्धा पूल फ्रान्समध्ये, अर्धा जर्मनीत. मध्यावर जरा बसायची जागा आहे. सूर्य फ्रान्सच्या बाजूला उतरला. पत्नीने डबा उघडला. खजूर होते. तिने एक घेतला, दुआ केली, आणि वहिनींपुढे डबा धरला. "चालतो ना?"

"खजूर चालतो की. तुमचा रोजा सुटला, माझी एकादशी चालू राहिली, खजूर दोन्हीत बसला."

मग डबा माझ्यापुढे आला. मी हात पुढे केला, तेवढ्यात मुलीने विचारले, "पप्पा, तुम्ही मुसाफिर आहात ना?"

"हो."

"मग अम्मी कोण?"

उत्तर माझ्याकडे होते. धर्मशास्त्राचे होते आणि बरोबर होते. सवलत ती सवलत. ती घेणाऱ्याला दोष नाही आणि न घेणाऱ्यालाही नाही. पण ती पुढे म्हणाली, "दिवसभर तर आपली सहलच होती." आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. ऊन नव्हते, वाळवंट नव्हते, उंट नव्हता. मोटारीच्या गुबगुबीत सीटवर बसून मी ४८ मैल पुरे केले होते. मी खजूर घेतला. गोड होता, पण इफ्तारच्या खजुराची चव काही वेगळीच असते, आणि ती त्याला नव्हती.

आपल्या जिल्ह्यात कोणी मुसाफिर नाही

ऑगस्टमध्ये परतलो. मोबाइलमध्ये हजारभर फोटो. अब्बांना आणि त्यांचे जुने मित्र, शेजारचे गुरुजी, यांना दाखवायला बसलो. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. दोघांची चाळीस वर्षांची सकाळची फेरी एकत्र. श्पायरचे कुंड आले तेव्हा मी ऐटीत म्हटले, "ही अगदी बारवेसारखी आहे." गुरुजींनी विचारले, "कोणत्या बारवेसारखी? वालूरच्या की चारठाण्याच्या?"

मी दोन्ही बघितल्या नव्हत्या. जिंतूर रस्त्याने शंभर वेळा गेलो असेन. हायडेलबर्गच्या ग्रंथालयात मी ग्युंथर सोन्थायमर या जर्मन अभ्यासकाचे खंडोबा-बिरोबावरचे काम अप्रूपाने चाळले होते. ते मराठी शिकले, धनगरांच्या वाड्यांवर राहिले, जेजुरीच्या यात्रांत हिंडले, पंढरीच्या वारीवर चित्रपट केला. मुसलमान भक्त खंडोबाला मल्लुखान म्हणतात, हे मी परभणीत नव्हे, जर्मनीत बसून वाचले. एक परदेशी मुसाफिर इथे येऊन घराघरांत शिरला होता. मी इथला मुकीम, आणि माझा जिल्हा मी श्वेत्झिंगेनच्या राजासारखा लांबूनच बघितला होता.

अब्बांनी नकाशा काढला. जुना, शाळेतला, कडा चिकटपट्टीने जोडलेला. परभणीवर कंपासचे टोक ठेवून त्यांनी ४८ मैलांचे वर्तुळ मारले. गंगाखेड आत, पाथरी आत, सेलू, जिंतूर, सोनपेठ, पालम, पूर्णा, सगळे आत. "देख," ते म्हणाले, "अपने जिले में कोई मुसाफिर नहीं होता." इथे कुठेही जा, नमाज पुरी पढायची, रोजा पुरा ठेवायचा. सवलत नाही, कारण हे घर आहे.

माझे तीन रोजे बाकी होते. कजा रोजे लोक बहुधा थंडीत फेडतात, दिवस लहान असतो म्हणून. त्या डिसेंबर-जानेवारीत आम्ही चार रविवार काढले. अब्बा, गुरुजी, मी, मुलगी आणि भाड्याची जीप. पहिल्या तीन रविवारी माझा रोजा होता.

गंगाखेडला जनाबाईंच्या गावी गेलो. गोदावरीच्या घाटावर गुरुजींनी मुलीला जनाबाईंची गोष्ट सांगितली, दळण-कांडण करता करता अभंग रचणाऱ्या बाईची. तिथून धारासूरला गुप्तेश्वराचे जुने देऊळ बघितले. भिंतीवरच्या दगडी बायकांचे दागिने मोजता मोजता अब्बांचा चष्मा दोनदा पडला. घाटावर एक म्हातारी पेरू विकत होती. तिने एक कापून मीठ लावून पुढे केला. मी म्हटले, रोजा आहे. "आत्ता कुठला रमजान?" तिला सगळे माहीत. मी म्हटले, उधारी आहे, फेडतोय. तिने कापलेला पेरू मुलीला दिला आणि दोन चांगले निवडून माझ्या पिशवीत टाकले. "मग सांजच्याला खा." पैसे घेतले नाहीत. त्या संध्याकाळी सहाच्या आत पेरूने रोजा सोडला. स्ट्रासबर्गच्या पुलावर हुकलेली चव होती ती.

दुसऱ्या रविवारी चारठाणा. गावभर विखुरलेली देवळे, उंच कोरीव स्तंभ, बारव. तिसऱ्यात वालूर. तिथली बारव गोल, पायऱ्या चक्राकार उतरत जाणाऱ्या, पण तेव्हा गाळाने, काटेरी झुडपांनी भरलेली. पुढच्या काही वर्षांत गावकऱ्यांनी श्रमदान करून ती मोकळी केली. ज्यांची बारव, ती माणसे तिथे आहेत, म्हणूनच ते झाले. श्पायरचे कुंड आठवून मला त्या बातमीचा फार आनंद झाला. चौथ्यात पाथरी. साईबाबांचे जन्मस्थान म्हणून पाथरीचे नाव घेतात. पण गुरुजींनी आणखी एक जुनी गोष्ट काढली: अहमदनगरच्या निजामशाहीच्या मूळ पुरुषाचे घराणे पाथरीच्या ब्राह्मण कुळातले, असे फरिश्ता हा इतिहासकार लिहितो, आणि त्यामुळे निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही या गावासाठी लढत राहिल्या. अब्बांना हे माहीत होते. मला नव्हते.

परतीच्या वाटेवर असरची वेळ झाली. रस्त्याकडेच्या एका छोट्या मशिदीपाशी जीप थांबवली. गुरुजी नेहमीसारखे जीपमध्ये बसून राहिले. अब्बा दोन पावले गेले आणि वळले. "चालीस बरस से बाहर बैठ रहे हो. अंदर आओ ना." गुरुजी म्हणाले, "तुम्ही कधी बोलावलंच नाही." अब्बा म्हणाले, "तुम्ही कधी विचारलं नाही." दोघेही खरे बोलत होते. तुराबुल हक बाबांच्या दर्ग्यात उरुसाला सगळी परभणी जाते, गुरुजीही दरवर्षी जात. पण मशिदीचा उंबरा त्यांनी ओलांडला नव्हता. त्या दिवशी ते हौदावर हातपाय धुऊन मागच्या भिंतीला टेकून बसले. नमाज झाल्यावर म्हणाले, "आत काहीच नाही की. नुसती शांतता." मुलगी लगेच म्हणाली, "पण वजूची जागा आहे!"

२०१९ च्या रमजानमध्ये गुरुजी एक दिवस आमच्या मोहल्ल्याच्या मशिदीत इफ्तारला आले. २०२० ला टाळेबंदी लागली. रविवारही बंद, मशीदही बंद, देऊळही बंद. २०२१ च्या एप्रिलमध्ये अब्बा गेले. जनाजा फार थोड्या माणसांत निघाला. गुरुजी त्यांच्या गॅलरीत उभे होते, हात जोडून, ती गल्ली ओलांडायची परवानगी कोणालाच नव्हती.

नकाशा माझ्याकडे आहे. वर्तुळाच्या आत अब्बांनी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. चार खुणांवर फुली, झालेल्या. बाकी उरलेल्या: नेमगिरीची जैन लेणी, मुद्गलचे गोदावरीच्या पात्रातले देऊळ, आणि वर्तुळाच्या कडेवर, पैनगंगेच्या बाजूला, एक नुसता ठिपका. शेजारी उर्दूत लिहिले आहे: नाका?

ईदनंतरचा पहिला रविवार ठरला आहे. गुरुजींना आता जिना उतरायला वेळ लागतो, म्हणून सकाळी लवकर निघणार आहोत. मुलगी आता कॉलेजात आहे. मैल मोजायचे काम तिच्याकडे. आधी नेमगिरी, आणि दिवस हातात राहिला तर पुढे पैनगंगेपर्यंत. नाक्याची जागा त्या बाजूच्या एखाद्या जुन्या माणसाला अजून माहीत असेल.